मोबाईल उपयोजनांतील यादी-दर्शन आणि माहितीची जोडणी : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७९ ते २०२१)

प्रस्तावना :

संपर्कांची नावे, आलेले संदेश, बँकेतील व्यवहार, रेल्वेगाड्यांच्या वेळा, विद्यार्थ्यांचे निकाल अशी दैनंदिन व्यवहारातील बरीचशी माहिती मोबाईलच्या पडद्यावर यादीच्या रूपाने समोर येते. ही यादी इतकी परिचयाची झाली आहे की तिच्यामागे काही प्रश्न असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात मात्र साठवलेली माहिती आणि पडद्यावर दिसणारी ओळ यांचा परस्परांशी संबंध कसा जोडावा, हा प्रश्न संगणकशास्त्रात चार दशकांहून अधिक काळ विचाराचा विषय राहिला आहे.

या प्रश्नाचे स्वरूप महाविद्यालयातील हजेरीपटावरून सहज ध्यानात येते. हजेरीपटावरील अनुक्रमांक हा विद्यार्थ्याचे स्थान सांगतो. एखाद्याने प्रवेश रद्द केला आणि पट नव्याने लिहिला की त्याच्या खालच्या सर्वांचे क्रमांक एकेकाने सरकतात. याउलट विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, ज्याला अनेक ठिकाणी ‘पीआरएन’ म्हटले जाते, तो विद्यार्थ्याची ओळख सांगतो व वर्ग बदलला तरी बदलत नाही. गुणांची नोंद अनुक्रमांकावरून केली आणि मधल्या काळात पट बदलला, तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. मोबाईलवरील यादीचा इतिहास हा बऱ्याच अंशी अनुक्रमांकाकडून कायम ओळखीकडे झालेल्या प्रवासाचा इतिहास होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१. माहिती व तिचे दर्शन यांच्या विभक्तीकरणाच्या संकल्पनेचा उगम पाहणे.
२. आयफोन व अँड्रॉइड या दोन प्रणालींनी यादीसाठी स्वीकारलेल्या रचनांची तुलना करणे.
३. स्थानाधिष्ठित जोडणीतून उद्भवलेल्या अडचणी व त्यांवरील उपाय यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.

संकल्पनेचा उगम :

नॉर्वेमधील संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीनस्काउग यांनी १९६० च्या दशकात ओस्लो येथे जहाजांच्या आरेखनासाठी ‘ऑटोकॉन’ ही संगणक प्रणाली विकसित करण्याच्या कार्यात प्रमुख भाग घेतला होता. जहाजबांधणीसारख्या उद्योगात माहिती प्रचंड असते आणि तीच माहिती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या रूपांत पाहावी लागते. कोणाला कामांची यादी हवी असते, कोणाला वेळापत्रकाची आकृती. हा अनुभव पाठीशी घेऊन ते १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात अभ्यागत संशोधक म्हणून राहिले. तेथे ॲलन के, अ‍ॅडेल गोल्डबर्ग आदी मंडळी स्मॉलटॉक या संगणकभाषेवर काम करीत होती.

मे १९७९ मधील एका टिपणात रीनस्काउग यांनी आपली कल्पना प्रथम मांडली आणि गोल्डबर्ग आदींशी झालेल्या चर्चेनंतर डिसेंबर १९७९ पर्यंत तिला ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ हे नाव प्राप्त झाले. मॉडेल म्हणजे मूळ माहिती, व्ह्यू म्हणजे तिचे दर्शन आणि कंट्रोलर म्हणजे वापरकर्त्याच्या कृती स्वीकारणारा घटक. या मांडणीचे मर्म असे की माहितीची मालकी मॉडेलकडेच राहावी. दर्शनाने ती विचारून घ्यावी, स्वतःजवळ तिची वेगळी प्रत बाळगू नये. स्मॉलटॉक-८० मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. माहितीत बदल झाला की मॉडेल आपल्यावर अवलंबून असलेल्या सर्वांना ‘बदल झाला आहे’ एवढेच कळवीत असे. पुढे काय दाखवायचे हे दर्शनाने पाहावयाचे होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या चार लेखकांच्या ग्रंथाने ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘अडॅप्टर’ या नावांनी अशा रचनांना पाठ्यपुस्तकी स्थान मिळवून दिले.

नेक्स्ट ते आयफोन :

स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीच्या प्रणालीवर स्मॉलटॉकच्या विचारांचा ठळक प्रभाव होता. ॲपलने १९९७ मध्ये ही कंपनी विकत घेतल्यावर तो वारसा मॅक संगणकांत आला. तेथील तक्ता-दर्शक घटक ‘डेटा सोर्स’ नावाच्या दुसऱ्या घटकाला दोनच प्रश्न विचारीत असे : एकूण ओळी किती? आणि अमुक ओळीतील अमुक स्तंभात काय दाखवायचे? दर्शकाजवळ स्वतःची माहिती नसे.

२००७ साली बाजारात आलेल्या पहिल्या आयफोनची स्मृती १२८ मेगाबाइट आणि पडदा ३२० बाय ४८० बिंदूंचा होता. मार्च २००८ मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरांना विकाससाधने खुली झाली व जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झाले. ‘यूआयटेबलव्ह्यू’ या यादी-घटकाने मॅकवरील प्रश्नोत्तराची पद्धत कायम ठेवली. तथापि येथे प्रत्येक ओळ हा चित्र, मजकूर व बटणे सामावणारा स्वतंत्र घटक होता. हजार नावांसाठी असे हजार घटक निर्माण करणे त्या यंत्राला पेलणारे नव्हते. ओळीची नेहमीची उंची ४४ बिंदू धरल्यास एका वेळी पडद्यावर दहा-अकरा ओळीच मावतात. त्यामुळे वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ नष्ट न करता तीच खालून नव्या मजकुरासह परत आणावयाची, अशी योजना करण्यात आली. रहाटगाडग्याचे पोहरे तेच राहतात, पाणी मात्र दर फेरीला नवे असते, तसाच हा प्रकार होय.

अँड्रॉइडची वाट :

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने अँड्रॉइडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यावर चालणाऱ्या पहिल्या फोनची स्मृती १९२ मेगाबाइट होती. येथे ‘लिस्टव्ह्यू’ आणि माहिती यांच्यामध्ये ‘अडॅप्टर’ हा दुवा ठेवण्यात आला. स्मृतीतील साध्या यादीसाठी एक अडॅप्टर, तर फोनमधील डेटाबेससाठी दुसरा. दर्शक अडॅप्टरकडे स्थानाचा क्रमांक देई, सोबत वापरून झालेली जुनी ओळ देई आणि भरलेली ओळ मागे. जुनी ओळ वापरणे मात्र ऐच्छिक होते. अनेक प्रोग्रामर दर वेळी नवी ओळ तयार करीत आणि यादी सरकवताना ती अडखळत असे. २०१४ मध्ये आलेल्या ‘रिसायकलरव्ह्यू’ या नव्या घटकाने ओळींचा पुनर्वापर सक्तीचा केला.

दोन्ही कंपन्यांचे पूर्वसंस्कार भिन्न असूनही रचना जवळजवळ सारखीच झाली, ही बाब लक्षणीय आहे. स्मृतीची टंचाई हे दोहोंमागील समान कारण होते. दर्शनाकडे माहितीची मालकी नसावी, हे १९७९ चे तत्त्व दोघांनीही मानले होते. मात्र ओळ ओळखण्यासाठी दोघांनीही स्थानाचा क्रमांकच वापरला.

स्थानाधिष्ठित जोडणीतील अडचणी :

टेबलावरील संगणकाच्या काळात ही पद्धत बरीचशी निभावली, कारण तेथील यादी सहसा समोर बसलेला वापरकर्ताच बदलीत असे. मोबाईलवर ही परिस्थिती राहिली नाही. बोट यादीवर फिरत असतानाच आंतरजालावरून नवे संदेश येतात, जुने गळतात, क्रम बदलतो. परिणामी तीन प्रकारचे दोष वारंवार आढळू लागले.

पहिला दोष पुनर्वापराचा. ओळीसाठी मागवलेले छायाचित्र उशिरा येते, तोवर ती ओळ दुसऱ्याच व्यक्तीसाठी वापरात आलेली असते, आणि एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा चेहरा झळकतो. दुसरा दोष कृतीचा. ओळ भरताना लक्षात ठेवलेला क्रमांक, बटण दाबेपर्यंत वेगळ्याच नोंदीचा झालेला असतो. ‘पुसून टाका’ असे बटण असेल तर भलतीच नोंद पुसली जाते. रिसायकलरव्ह्यूने म्हणूनच पडद्यावरील स्थान आणि अडॅप्टरमधील स्थान असे दोन वेगळे क्रमांक मानले.

तिसरा दोष विसंगतीचा. आयफोनवर एखादी ओळ वाढवायची असल्यास माहितीत बदल करणे आणि दर्शकाला ‘अमुक स्थानी एक ओळ वाढली’ असे सांगणे ही दोन कामे प्रोग्रामरला स्वतंत्रपणे करावी लागत. दर्शक आधीची संख्या, सांगितलेली वाढ-घट आणि नंतरची संख्या यांचा मेळ घाली. तो न जमल्यास उपयोजन तत्काळ बंद पडे. याचा अर्थ, दर्शनाजवळ माहिती नसली तरी यादीच्या आकाराविषयीची त्याची स्वतःची समजूत होती. रीनस्काउग यांनी दाराबाहेर काढलेली दुसरी प्रत अशा रीतीने खिडकीतून आत आली होती. संपूर्ण यादी नव्याने भरणे हा पर्याय उपलब्ध होता. पण त्यात निवड पुसली जाई आणि नेमके काय बदलले हे वापरकर्त्याला कळत नसे.

क्रमांकाकडून ओळखीकडे :

या पेचावरील उपाय जुन्या संशोधनात सापडला. दोन मजकुरांतील फरक शोधण्याचा प्रश्न १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्या ‘डिफ’ या आज्ञावलीच्या निमित्ताने हाताळला गेला होता. पॉल हेकेल यांनी १९७८ मध्ये आणि युजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये त्यासाठी कार्यक्षम रीती प्रसिद्ध केल्या. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने खुल्या केलेल्या ‘आयजीलिस्टकिट’ने हेकेल यांची, तर त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये आलेल्या ‘डिफयूटिल’ने मायर्स यांची रीत वापरली. प्रोग्रामरने जुनी व नवी यादी द्यावी. काय वाढले, गळले, सरकले हे यंत्राने काढावे, अशी ही विभागणी होय.

डिफयूटिल प्रोग्रामरला प्रामुख्याने दोन प्रश्न विचारते : या दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत काय? आणि असल्यास त्यांतील मजकूर सारखाच आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर केवळ क्रमांकावरून देता येत नाही. त्यासाठी नोंदीला कायम ओळख असावी लागते. फेसबुकने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या ‘रिॲक्ट’मध्येही यादीतील प्रत्येक घटकाला ‘की’ देण्याचा आग्रह होता. ॲपलने २०१९ मध्ये नवा डेटा सोर्स आणला. त्यात यादीची स्थिती अनन्य ओळखींच्या रूपाने सुपूर्द करावयाची असते, आणि संख्येचा मेळ घालण्याची जुनी जबाबदारी प्रोग्रामरवर राहत नाही. २०१९ चे ‘स्विफ्टयूआय’ आणि २०२१ मध्ये स्थिर आवृत्ती आलेले अँड्रॉइडचे ‘जेटपॅक कंपोज’ यांत तर ‘ओळ वाढवा’ ही आज्ञाच उरली नाही. यादी कशी दिसावी एवढे सांगावयाचे; माहिती बदलली की दर्शन त्यानुसार बदलते.

तथापि प्रश्न पूर्णतः मिटला असे म्हणता येत नाही. कंपोजमध्ये ‘की’ दिली नाही तर स्थानच ओळख म्हणून धरले जाते. ओळख कोणती हे ठरविण्याची जबाबदारी अखेर माणसावरच राहते. नावाला ओळख मानले तर एकाच नावाच्या दोन विद्यार्थ्यांत गफलत होणार, हे कोणत्याही कार्यालयीन लिपिकाला ठाऊक असते.

निष्कर्ष :

१. दर्शनाने माहितीची मालकी घेऊ नये, हे तत्त्व १९७९ मध्येच मांडले गेले होते. मोबाईल प्रणालींनी ते वारशाने स्वीकारले.
२. ओळींचा पुनर्वापर हा सुरुवातीच्या फोनांच्या मर्यादित स्मृतीतून आलेला उपाय होता. त्याने वेग दिला, परंतु ओळ आणि नोंद यांचे नाते तात्पुरते झाले.
३. यादी सतत बदलू लागल्यावर स्थानाधिष्ठित जोडणी अपुरी ठरली आणि २०१३ ते २०२१ या काळात ओळखाधिष्ठित जोडणी रूढ झाली.
४. या बदलास १९७८ व १९८६ मधील संशोधन उपयोगी पडले. ते मजकुरांच्या तुलनेसाठी केलेले होते. मोबाईल तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

पडद्यावरील ओळ ही अनेकदा एका माणसाची नोंद असते : त्याचे गुण, त्याची शिल्लक, त्याचा निरोप. ती नोंद त्याचीच राहील याची हमी यादीतील तिच्या जागेवरून मिळत नाही, तिच्या ओळखीवरून मिळते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात यादी-दर्शनाची रीत शिकवितानाच तिच्यामागील हा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवला जाणे उचित ठरेल.