रकान्यांमागचा इतिहास



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राजवंश ऐकायला मिळतील अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज एका अर्जाचा इतिहास सांगणार आहे. नवरा एका देशात आणि बायको दुसऱ्या देशात अशी स्थिती असली, म्हणजे जोडीदाराला कायमचे आपल्याजवळ आणण्यासाठी सरकारदरबारी जो अर्ज भरावा लागतो, तो हा अर्ज. विषय किरकोळ वाटेल. पण कामगार संघटनेच्या कचेरीत भविष्यनिर्वाह निधीचे, ग्रॅच्युइटीचे आणि नुकसानभरपाईचे अर्ज भरून देण्यात माझी उमर गेली, आणि शाळेने जे शिकवले नाही ते या अर्जांनी मला शिकवले. छापील अर्जातला कोणताही रकाना उगाच आखलेला नसतो. कधी काळी कुठे तरी भांडण झालेले असते, त्यात कोणी तरी जिंकलेले असते, आणि त्या निकालाची खूण म्हणून तो रकाना मागे राहतो.

उदाहरणादाखल अमेरिकेचा अर्ज घेतो, कारण आपल्याकडच्या पुष्कळ घरांना त्याच्याशी गाठ पडली आहे. त्याची रीत थोडक्यात अशी. अमेरिकेत असलेला जोडीदार प्रथम आय-१३० नावाचा अर्ज करतो. तो मंजूर झाला की इकडचा जोडीदार डीएस-२६० हा दुसरा अर्ज भरतो. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, आधीची लग्ने, सारे लिहायचे. त्याला पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी आणि पोशिंद्याचे हमीपत्र यांची जोड द्यायची, आणि शेवटी वकिलातीत मुलाखत. आय-१३० मध्ये एक जागा अशीही आहे, की जोडीदाराची लिपी रोमन नसेल तर त्याचे नाव व पत्ता त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहावा. म्हणजे त्या परक्या कागदावर आपली देवनागरी अक्षरेही उमटतात. या अर्जात जे जे विचारले आहे त्यातले पुष्कळसे कोणाच्या ना कोणाच्या हालअपेष्टांतून आलेले आहे, आणि तेच मला आज दाखवायचे आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली ती १८७५ साली. त्याच साली अमेरिकेत पेज कायदा झाला. अनीतीच्या धंद्यासाठी पूर्वेकडून बायका आणण्यास या कायद्याने बंदी घातली. उद्देश वरवर पाहता चांगला. परंतु व्यवहारात झाले असे, की हाँगकाँगमधला अमेरिकन वकील जहाजावर चढू पाहणाऱ्या प्रत्येक चिनी स्त्रीची उलटतपासणी घेऊ लागला. तू खरोखर बायको आहेस काय? तुझी चालचलणूक काय? नवऱ्याकडे निघालेल्या बाईने आपण शीलवान असल्याचे आधी सिद्ध करावे, हा दंडक तेथे पडला.

पुढे १८८२ साली चिनी मजुरांनाच अमेरिकेची दारे बंद झाली. मग प्रश्न आला त्यांच्या बायकांचा. १८८४ साली कॅलिफोर्नियातील एका खटल्यात कोर्टाने ठरवले, की मजुराच्या बायकोचा दर्जा नवऱ्याचाच, सबब तिलाही मज्जाव. व्यापाऱ्याच्या बायकोला मात्र आत येता येई, आणि १९०० साली सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. दोघींच्या गळ्यात सारखेच सौभाग्यलेणे, पण एकीचा नवरा घाम गाळतो आणि दुसरीचा दुकान चालवतो, एवढ्यावरून एक बाहेर आणि एक आत! आणि मान खाली घालून सांगायची गोष्ट अशी, की या बंदीच्या बाजूने अमेरिकेतील संघटित कामगारही उभे होते. सॅम्युएल गॉम्पर्स यांच्यासारखा मोठा कामगार पुढारी या बंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. स्वस्त मजूर आला तर आपली मजुरी पडेल, हे त्यांचे भय समजण्यासारखे होते. पण त्याची किंमत त्यांनी दुसऱ्या मजुराच्या संसाराने चुकती केली.

१९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाले, आणि जन्माची दप्तरे जळाली. तेव्हा पुष्कळ चिनी लोकांनी आपण येथेच जन्मलो असे सांगून नागरिकत्व मिळवले आणि कागदोपत्री मुलगे तयार करून माणसे आणली. सरकारने त्यावर उपाय काढला तो खोदून खोदून विचारण्याचा. १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावरील तळावर माणसांना आठवडेच्या आठवडे अडकवून विचारीत, की तुमच्या घराला पायऱ्या किती? विहीर कोणत्या दिशेला? शेजाऱ्याला मुले किती? मग तेच प्रश्न दुसऱ्याला वेगळे बसवून विचारायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. आजही संशय आला तर नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारतात. त्या पद्धतीचे हे मूळ.

जपानी मजुरांची कहाणी निराळी. त्यांची लग्ने फोटोवरून ठरत, जपानमध्ये कुटुंबाच्या नोंदवहीत नाव चढले की लग्न झाले, आणि नवरी बोटीतून उतरून हातातल्या फोटोशी नवऱ्याचा चेहरा ताडून पाही. फोटो पाहून स्थळ पसंत करणे आपल्याला नवे नाही. पण अमेरिकेत त्यावर इतका ओरडा झाला, की १९२० साली जपान सरकारने अशा वधूंना पासपोर्ट देणे थांबवले, आणि १९२४ च्या अमेरिकन कायद्याने फोटोवरचे व मुखत्यारामार्फत लागलेले लग्न हे लग्नच नव्हे असे लिहून टाकले. ते कलम थोड्या फरकाने आजही जिवंत आहे. लग्न लागताना दोघे एकमेकांसमोर हजर नसतील, तर पुढे दोघांचा प्रत्यक्ष सहवास घडल्यावाचून या कायद्यापुरते ते लग्न धरले जात नाही. दूरदर्शनासारख्या पडद्यावरून अक्षता टाकण्याचा बेत करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याच १९२४ च्या कायद्याने आपल्या अर्जाला आजचे रूप दिले. त्यापूर्वी निकाल मुख्यतः बंदरावर लागे. आता परदेशातल्या वकिलातीने आधी व्हिसा द्यायचा, तोही देशवार ठरलेल्या संख्येत. नागरिकाच्या बायकोला या संख्येतून सूट मिळाली, पण नवऱ्याने तशी मागणी केली तरच. अमेरिकन बाईच्या परदेशी नवऱ्याला ही सवलत पूर्ण बरोबरीने मिळायला १९५२ साल उजाडावे लागले. त्याचे कारण असे, की बायकोने नवऱ्यामागे जायचे हाच त्या काळचा न्याय होता. १९०७ च्या कायद्याप्रमाणे परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचेच नागरिकत्व गमावी. १९२२ साली हा कायदा सैल झाला, पण ज्याला वंशामुळे नागरिक होता येत नाही अशाशी लग्न करणारीला तो दिलासा १९३१ पर्यंत मिळाला नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणसाला याच पंक्तीत बसवले. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांची अमेरिकन पत्नी मेरी हिला त्यामुळे आपल्याच देशात परकी व्हावे लागले.

लग्न कोणत्या विधीने लागले, हा रकाना तर आपल्या लोकांनी रक्त आटवून दुरुस्त करून घेतला आहे. त्यासाठी थोडा वेळ अमेरिका सोडून दक्षिण आफ्रिकेत जावे लागेल. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. हिंदुस्थानातून येऊ पाहणाऱ्या एका मुसलमान बाईला प्रवेश नाकारताना त्यांनी तिच्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न ग्राह्य धरले नाही. त्या न्यायाने हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया एका फटक्यात कायद्याच्या दृष्टीने रखेल्या ठरल्या. त्याआधी १९१२ साली आपले गोपाळ कृष्ण गोखले तेथे जाऊन आले होते, आणि करारातून सुटलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द होईल अशा समजुतीने परतले होते. तो कर उठला नाही, आणि वर हा निकाल आला. तेव्हा स्त्रिया उठल्या. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. तामिळ स्त्रियांची एक तुकडी न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेली, आणि त्यांच्या शब्दाखातर मजुरांनी ऑक्टोबर १९१३ मध्ये कुदळी खाली ठेवल्या. वलियम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. गोखल्यांनी प्रकृती ढासळलेली असताना येथे निधी जमवला. १९१४ च्या कायद्याने कर गेला आणि आपल्या रीतीच्या लग्नात एका पत्नीला मान्यता मिळाली. लग्नाच्या मान्यतेसाठीही चाललेल्या लढ्यात खाणकामगारांनी संप केला, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नसतील.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेल्या सैनिकांनी तेथे लग्ने केली. त्यांच्यासाठी डिसेंबर १९४५ मध्ये युद्धवधूंचा कायदा झाला, आणि जानेवारी १९४६ मध्ये ‘अर्जेंटिना’ नावाचे जहाज शेकडो वधूंना घेऊन साउथॅम्प्टनहून निघाले. फुलांचे हार, बँड, वर्तमानपत्रांतून फोटो! पण त्याच कायद्याखाली आलेली एलेन क्नाउफ हिचे काय झाले पाहा. जन्माने जर्मन, युद्धात ब्रिटिश हवाई दलात नोकरी केलेली, आणि अमेरिकन माजी सैनिकाची बायको. १९४८ साली न्यूयॉर्कला उतरताच तिला एलिस बेटावर ठेवले. कारण सांगायचे नाही, पुरावा दाखवायचा नाही, सुनावणीही नाही. १९५० साली सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारला हा अधिकार असल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, तेव्हा सुनावणी झाली, आरोप निराधार ठरला आणि १९५१ साली ती सुटली. कोर्टाचा निकाल मात्र तसाच राहिला. जून २०२४ मध्ये कामगारांचे खटले लढवणाऱ्या एका अमेरिकन वकील स्त्रीने आपल्या एल साल्व्हाडोरच्या नवऱ्याला व्हिसा का नाकारला याची नीट कारणे मागितली, तेव्हा नागरिकालासुद्धा परदेशी जोडीदार देशात आणण्याचा मूलभूत हक्क नाही, असेच त्या कोर्टाने बजावले.

खोट्या लग्नांचा संशय हा या अर्जाचा दुसरा जुना साथीदार. पोलंडच्या काही निर्वासितांना आणण्यासाठी माजी सैनिकांशी पॅरिसमध्ये नावापुरती लग्ने लावली होती. त्यावर १९५३ साली शिक्षा कायम झाल्या, आणि एकत्र संसार करण्याचा हेतू होता काय, ही कसोटी रुजली. १९८६ साली तिला धार आली. लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर जोडीदाराला दोनच वर्षांचे सशर्त कार्ड, आणि मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा. शंभरातली तीस लग्ने संशयास्पद, असा आकडा त्या वेळी इमिग्रेशन खात्याने पुढे केला होता. ती पाहणीच सदोष होती, हे पुढे खात्याला कोर्टात कबूल करावे लागले. पण कायदा झाला तो झालाच, आणि त्याचा फटका बसला मार खाणाऱ्या बायकांना. सही देत नाही म्हटले की नवऱ्याच्या हातात तिचे सारे आयुष्य! स्त्रियांच्या संघटनांनी हा प्रश्न धसाला लावला, तेव्हा १९९० साली अशा स्त्रीला एकटीने अर्ज करण्याची मुभा मिळाली, आणि १९९४ च्या कायद्याने सुरुवातीचा अर्जही ती स्वतः करू शकते असे ठरले.

आता थोडे व्यवहाराचे. आमच्या एका सभासदाची मुलगी अर्ज घेऊन कचेरीत आली होती. पूर्वीचा मोडलेला विवाह लिहू नकोस, असे तिला कोणा एजंटाने सांगितले होते. मी म्हटले, “बाळ, मोडलेले लग्न हा गुन्हा नाही, पण ते लपवणे इथे गुन्ह्यासारखे आहे.” तिने खरे लिहिले आणि घटस्फोटाचा हुकूमनामा जोडला. महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मिळवू पाहणाऱ्याला आयुष्यभराची बंदी होऊ शकते. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव यांत फरक असेल तर तो सरळ सांगावा. हमीपत्राचेही तसेच. १९९६ च्या कायद्यामुळे आय-८६४ हा कोर्टात बजावता येणारा करार आहे, आणि घटस्फोटानेही ती जबाबदारी संपत नाही. ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक असते, बायकोला कोणी सांगत नाही. कामगाराला मी जे सांगतो तेच मुलीला सांगीन, की कोऱ्या कागदावर सही करू नको, भरलेला अर्ज स्वतः वाच, आणि प्रत आपल्याजवळ ठेव.

या इतिहासाचे तात्पर्य मला असे दिसते. सरकारने प्रत्येक रकाना आखताना समोरच्या माणसावर अविश्वास धरला, आणि सिद्ध करण्याचे ओझे जो दुबळा त्याच्याच डोक्यावर दिले. पण तो रकाना जेव्हा जेव्हा बदलला, तेव्हा माणसे एकत्र आल्यामुळेच बदलला. न्यूकॅसलचे खाणकामगार परवानगी मागायला बसले नाहीत. आपल्या बहिणींची लग्ने खरी आहेत, हे ठसवणाऱ्या लढ्यात ते संप करून उतरले, आणि शेवटी कायद्याला ते लिहून घ्यावे लागले. आज अर्जात आपण ‘विवाहित’ या शब्दापुढे निर्धास्तपणे खूण करतो, तेव्हा वलियम्माची आठवण ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.