बारा ठिपक्यांचा माणूस

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा प्रकाशबिंदू लावून फक्त तेवढेच दिसतील असे चित्रण केले. माणूस स्थिर असताना पडद्यावर नुसते विखुरलेले ठिपके दिसत. तो चालू लागताच पाहणाऱ्याला कळे, कुणीतरी चालते आहे. चेहरा नाही, जागा नाही. कृती ओळखायला गती पुरेशी ठरली.

यंत्राला हीच विद्या शिकवण्यासाठी २००४ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी २५ जणांच्या चालणे, धावणे, टाळ्या वाजवणे अशा सहा कृती चित्रित केल्या. पार्श्वभूमी साधीच होती. २०१२ च्या ‘यूसीएफ-१०१’ या संचात मात्र १०१ कृतींच्या १३,३२० चित्रफिती यूट्यूबवरून आल्या. कृतींबरोबर मैदाने, तलाव, वाद्येही आली.

२०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या सिमोन्यान आणि झिसरमन यांनी डीप लर्निंगची दोन जाळी जोडली. एक सुटी चित्रे पाही, दुसरे केवळ गती. याच संचावर गतीच्या जाळ्याने सुमारे ८४ टक्के, दोघांनी मिळून ८८ टक्के चित्रफिती ओळखल्या. पण गती न पाहणाऱ्या जाळ्यानेही ७३ टक्के ओळखल्याच! निळे पाणी दिसले, की पोहणे.

खेळाच्या चित्रफितीत हे चालून जाते. चौकातल्या कॅमेऱ्यामागे असेच यंत्र बसले, तर बंद दुकानापाशी रात्री नुसत्या थांबलेल्या माणसाची कृती ते पाहील, की जागा?