प्रस्तावनेतले राधानाथ सिकदार

राधानाथ सिकदार यांचे नाव निघाले की बोलणे थेट एव्हरेस्टवर जाते. १८५२ साली एका बंगाली गणकाने धावत येऊन सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांना जगातले सर्वांत उंच शिखर सापडल्याचे सांगितले, अशी ती कथा. पुरावा म्हणून ती फार लंगडी आहे. सिडनी बरार्ड यांच्या १९०४ सालच्या 'नेचर'मधील लेखात कलकत्ता कार्यालयाच्या मुख्य गणकाने वॉ यांना तसे कळवल्याचा उल्लेख येतो. पण हा लेख घटनेनंतर अर्ध्या शतकाने लिहिलेला. शिवाय राधानाथ १८४९ पासून कलकत्त्यात होते आणि हिमशिखरांची आकडेमोड डेहराडूनलाही चालू होती. जेम्स निकल्सन यांनी दुरून घेतलेली निरीक्षणे, प्रकाशाच्या वक्रीभवनासाठी केलेल्या दुरुस्त्या, अनेक वर्षांची फेरतपासणी आणि शेवटी १८५६ मध्ये जाहीर झालेला २९,००२ फुटांचा आकडा, हे सगळे एका माणसाच्या नावावर लावता येत नाही.

त्यांच्या कामाचा भक्कम पुरावा वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो छापील आहे. १८५१ साली कलकत्त्यात 'अ मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया' हा ग्रंथ निघाला. शीर्षकपानावर संकलक म्हणून दोन नावे आहेत: कॅप्टन एच. एल. थुइलियर आणि कॅप्टन आर. स्मिथ. तेवढेच पाहून पुस्तक मिटले तर राधानाथ कुठेच दिसत नाहीत. पान उलटून प्रस्तावना वाचली की दिसतात. तिसऱ्या आणि पाचव्या भागांसाठी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या गणनविभागाचे प्रमुख बाबू राधानाथ सिकदार यांचे फार मोठे साहाय्य झाले, असे संकलक तिथे सांगतात. एवढ्यावर ते थांबत नाहीत. तिसऱ्या भागातली १५, १७ ते २१ आणि २६ ही प्रकरणे आणि पाचवा भाग संपूर्ण, हे सारे सर्वस्वी राधानाथांचेच आहे, असा निर्वाळा ते देतात, आणि हे ऋण जाहीरपणे मान्य करायची आपली इच्छा असल्याचेही नोंदवतात.

ऋणनिर्देशाच्या मोघम ओळी आपण पुष्कळ वाचतो. इथे प्रकरणांचे आकडे आहेत, म्हणून या परिच्छेदाचे मोल मोठे. अलीकडे अनेक संशोधनपत्रिका कोणी कोणते काम केले हे लेखाखाली नोंदवायला सांगतात. त्यासाठी १४ भूमिकांची 'क्रेडिट' नावाची यादीही ठरली आहे. ती नोंद जे काम करते, तेच ही प्रस्तावना १८५१ साली करत होती.

तिच्यातला दावा राधानाथांच्या उरलेल्या आयुष्याशी जुळतो का, हेही तपासले पाहिजे. जुळतो. हिंदू कॉलेजात शिकलेला हा तरुण १८३१ साली महिना ३० रुपयांवर गणक म्हणून लागला. तेव्हाचे सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी त्याच्या गणिताची उघड तारीफ केली आणि दुसऱ्या खात्यात जाण्यापासून त्याला रोखले. पुस्तकाचा पाचवा भाग सर्वेक्षणाला लागणाऱ्या खगोलशास्त्राचा आहे, म्हणजे राधानाथांच्या रोजच्या कामाचाच विषय. माणूसही मिंधा नव्हता. १८४३ साली डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षण खात्याच्या मजुरांना वेठीला धरले, तेव्हा राधानाथ आडवे उभे राहिले आणि २०० रुपये दंड झाला तरी हटले नाहीत. असल्या माणसाचे नाव गोऱ्या अधिकाऱ्यांनी मेहेरबानी म्हणून छापले असेल, असे मला मुळीच वाटत नाही.

१८५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही कबुली कायम आहे. १८६२ मध्ये राधानाथ निवृत्त झाले आणि १८७० मध्ये चंदननगरजवळ वारले. १८७५ साली तिसरी आवृत्ती आली. थुइलियर आता सर्व्हेयर जनरल होते. या आवृत्तीत ती जुनी प्रस्तावना नाही, आणि तिच्याबरोबर राधानाथांचे नावही गेले. एखादे पान वगळले की पुस्तकाची मालकी कशी बदलते, हे या तीन आवृत्त्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. नुसती शेवटची आवृत्ती वाचणाऱ्याला शंका यायचेही कारण उरत नाही.

हा बदल त्या काळीच लोकांच्या लक्षात आला होता. १८७६ साली 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्राने त्यावर झोड उठवली आणि ही मेलेल्या माणसाची लूट आहे, असे स्पष्ट शब्दांत म्हटले. ब्रिटिश सर्वेक्षकांमधल्या काहींनीही निषेध केला. हे महत्त्वाचे आहे, कारण राधानाथांवर अन्याय झाला हा नंतरच्या राष्ट्रवाद्यांनी काढलेला निष्कर्ष आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला १८७६ चा तो अंक दाखवता येतो.

सर्वेक्षणाच्या इतिहासावर लिहिताना या ग्रंथाचा हवाला १८५१ च्या आवृत्तीवरूनच द्यावा, आणि पाचव्या भागाचा लेखक म्हणून राधानाथ सिकदार यांचेच नाव लिहावे. संकलकांनी स्वतःच ते तसे छापून ठेवले आहे.