व्हिंटेज पोर्टची सामूहिक चवपरीक्षा : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

दहा माणसे जमवून पाच-सहा बाटल्या उघडल्या की मेजवानी होते. चवपरीक्षा होतेच असे नाही. चवपरीक्षेत एक प्रश्न विचारलेला असतो. त्याचे उत्तर ज्या एका गोष्टीत आहे तेवढी बदलायची आणि बाकी सगळे, म्हणजे तापमान, पेला, माप, वेळ, खोलीतला वास, सारखे राखायचे, एवढीच तिची रीत. व्हिंटेज पोर्टच्या बाबतीत हे पथ्य अधिक कडक होते, कारण इथे तपासायचा असतो तो काळ. बाटलीत मुरलेली वीस-तीस वर्षे एखाद्या गरम खोलीत किंवा घाईने ओतलेल्या पेल्यात सहज झाकली जातात. म्हणून या परीक्षेचे बहुतेक काम पहिला पेला भरण्याआधीच संपलेले असते.

पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली, मद्यार्क मिसळून गोडी राखलेली वाइन. 1756 मध्ये मार्किस द पोंबाल याने या प्रदेशाची हद्द आखून दिली. द्राक्षरस आंबू लागला की साधारण निम्मी साखर उरलेली असतानाच त्यात 77 टक्क्यांचा द्राक्षमद्यार्क ओततात. यीस्ट मरते, आंबणे थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि मद्यार्क 19 ते 22 टक्क्यांवर स्थिरावतो. पुढचे सगळे भेद ही वाइन कुठे आणि किती मुरते यावरून पडतात. टॉनी वर्षानुवर्षे लाकडी पिंपात मुरते, हवा खाते, तपकिरी होते. लेट बॉटल्ड व्हिंटेज चार ते सहा वर्षांनी बाटलीत जाते. व्हिंटेज मात्र एकाच सुगीची असते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच न गाळता बाटलीत भरली जाते आणि तिचे उरलेले आयुष्य बाटलीत, हवेशिवाय, स्वतःच्याच गाळासोबत जाते. आपल्याकडे पोर्ट म्हणून जी स्वस्त गोड लाल वाइन मिळते, गोव्यातली असो की महाराष्ट्रातली, तिचा या पद्धतीशी नावापुरता संबंध आहे. ती वाईट असते असे नाही, पण ती या परीक्षेत बसवली तर प्रश्नच बदलतो.

हा विषय जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात मांडण्याचे कारण इथले शेतकरी. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फसफसती वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात पाठवली. पुढे तो उद्योग बंद पडला, तरी वाइन ही द्राक्षापासून नीट विचार करून घडवायची वस्तू आहे हे या पट्ट्याने जवळून पाहिले. आज इथे वाइनपेक्षा खाण्याची द्राक्षे जास्त, त्यातही काळी जंबो. पण जो माणूस हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहून तोडणीचा दिवस ठरवतो, ज्याला भुरी-डावणीसारख्या रोगांनी आणि अवकाळीने गेलेले वर्ष जिभेवर ओळखता येते, त्याला ‘व्हिंटेज’ ही कल्पना पुस्तकातून शिकवावी लागत नाही. डोरोतले उत्पादक दरवर्षी व्हिंटेज जाहीर करत नाहीत. दशकात सरासरी तीनदा सुगी त्या तोडीची ठरते. 1963, 1977, 1994, 2011 ही अशी नावाजलेली वर्षे. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे अनेक उत्पादक घराण्यांनी जाहीर केली, तेव्हा त्याचीच बातमी झाली. शहरातल्या वाइनक्लबात हे समजावून सांगायला अर्धा तास जातो. वारूळवाडीच्या किंवा मंचरच्या बागायतदाराला एक वाक्य पुरते.

आता प्रश्न ठरवायचा. रूढ मांडण्या दोन. एकाच घराण्याची वेगवेगळी वर्षे घेतली तर काळ आणि हवामान बोलतात, घराण्याची शैली स्थिर राहते. एकच वर्ष आणि निरनिराळी घराणी घेतली तर मळा आणि मिश्रण करणाऱ्याचा हात बोलतो. पहिल्याच बैठकीला मी निःसंशय पहिली मांडणी निवडेन. घराण्या-घराण्यातला फरक बारीक असतो आणि तो पकडायला सवय लागते. दहा वर्षांची आणि चाळीस वर्षांची बाटली यांतला फरक मात्र कोणालाही कळतो, आणि कळल्यावर माणूस पुढच्या बैठकीला येतो. एका घराण्याच्या तीन वयांच्या व्हिंटेज, त्याच घराण्याची एक लेट बॉटल्ड आणि वीस वर्षांची एक टॉनी, अशा पाच बाटल्या पुरेत. टॉनी इथे तुलनेचा खांब आहे: हवेत मुरणे आणि हवेशिवाय मुरणे यांतले अंतर ती दाखवते. सहाव्या बाटलीची गरज नाही, सहाव्या पेल्याची आहे. त्याकडे पुढे येतो.

मापाचा हिशेब लोक करत नाहीत आणि तिथेच बैठक बिघडते. साध्या वाइनच्या सवयीने प्रत्येकी 60 मिली ओतली तर सहा पेल्यांत 360 मिली पोर्ट पोटात जाते. 20 टक्क्यांनी त्यात 72 मिली शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये, 42.8 टक्क्यांनी, 77 मिली असतो. म्हणजे चौथ्या पेल्यानंतर टिपणे लिहिणारी माणसे जवळजवळ क्वार्टरच्या वाटेवर असतात आणि त्यांच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. माप 30 मिली ठेवावे. बारमधले छोट्या पेगचे माप यासाठी अगदी नेमके आहे. शिवाय थुंकण्यासाठी प्रत्येकाजवळ उंच काठाचे भांडे हवे. चांगली वाइन थुंकणे हा अन्नाचा अपमान आहे असे म्हणणारे एखादे वडीलधारे भेटतातच. त्यांना सांगावे की अण्णा, परीक्षा झाल्यावर जेवणानंतर निम्म्या बाटल्या शिल्लक असणार आहेत. हे खरेही आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि कार्यक्रम सार्वजनिक जागेत किंवा शुल्क घेऊन करायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आधी विचारणा करावी. ज्या गावात महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे, तिथे ही बैठक घेऊ नये. आपली बाटली वेगळ्या कारणाने आडवी ठेवलेली असते हे दारोदार समजावत बसण्यात हशील नाही.

मिळवणे आणि साठवणे हा यातला सर्वांत अवघड भाग. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यामुळे जुन्या व्हिंटेज बहुधा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून येतात. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. पाच बाटल्या जमायला वर्ष लागू शकते आणि ते वर्षच धोक्याचे. बाटली आडवी, अंधारात, 12 ते 15 अंशांत राहायला हवी. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मे काढलेली 1994 ची बाटली पुढे काय सांगेल ते त्या खोलीबद्दल, डोरोबद्दल नाही. इथे एक मोह होतो: ओळखीचे द्राक्षाचे शीतगृह आहे, ठेवू तिथे. ठेवू नये. ते शून्य-एक अंशावर चालते, आणि द्राक्षाच्या पेट्यांतल्या गंधकाच्या कागदांचा वास तिथे कायम असतो. पुण्यातल्या एखाद्याचे वाइनचे कपाट उसने घेणे बरे. प्रत्येक बाटली कुठून आली, कुठे किती काळ राहिली, बुचापासून वाइन किती खाली आहे, हे वहीत लिहून ठेवावे. निकाल वाचताना ही नोंद लागते.

तारीख हवामान ठरवते. पोर्ट 16 ते 18 अंशांना द्यावी. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरला रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, त्यामुळे संध्याकाळची खोली आपसूक त्या तापमानाला येते आणि कुठलेही यंत्र लागत नाही. अडचण एकच. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर हाच काळ बागेत विरळणीचा, डिपिंगचा आणि फवारणीचा. गंधकाची फवारणी करून थेट आलेल्या माणसाच्या हाताला जो वास असतो, तो त्याला स्वतःला येत नाही, शेजारच्याला येतो. त्या दिवशी बागेला सुट्टी द्यावी. गळीत हंगामही तेव्हाच भरात असतो. विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या वाटेवरची जागा टाळावी, मळीच्या वासापुढे कुठलीही जुनी पोर्ट टिकत नाही. उदबत्ती, गजरा, अत्तर, तंबाखू, शेजारच्या चुलीवरचा रस्सा, यांना त्या दोन तासांपुरती बंदी.

साक्याचे, म्हणजे तळाशी बसणाऱ्या गाळाचे, प्रकरण सविस्तर पाहिले पाहिजे. इंडेजच्या फसफसत्या वाइनमध्येही बाटलीत गाळ तयार होत असे, पण तो यीस्टचा असे आणि शॅम्पेनच्या रीतीने कारखान्यातच बाहेर काढला जात असे. ग्राहकाला नितळ बाटली मिळत असे. व्हिंटेज पोर्टमध्ये रंगद्रव्ये आणि टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. हे बसणे म्हणजेच तिचे मुरणे: जितका साका खाली जातो तितका तुरटपणा वर कमी होतो. तो काढायचे काम मात्र पिणाऱ्यावर सोडलेले असते. पुण्याहून खेडचा रस्ता धरून आलेली बाटली हादऱ्यांनी आतून गढूळ झालेली असते. म्हणून बाटल्या बैठकीच्या आदल्या दिवशी नाही, निदान तीन दिवस आधी जागेवर आणून उभ्या ठेवाव्यात. वयस्क बाटलीचे बूच भुसभुशीत होते. फिरकीचा स्क्रू आत गेला की त्याचा भुगा होतो. दोन पातींचा काढणारा असेल तर तो हळूहळू रेटत घालावा, नाहीतर भुगा गृहीत धरून धुतलेली, वासरहित मलमल नरसाळ्यावर तयार ठेवावी. ओतताना मानेखाली विजेरी धरावी. एकाच संथ धारेने, बाटली पुन्हा सरळ न करता ओतत जावे आणि साक्याची पहिली रेघ मानेत दिसली की थांबावे. 750 पैकी 40-50 मिली मागे राहते. ते राहू द्यावे. काटकसरी हात इथे घात करतात.

ओतून ठेवण्याची वेळ वयाच्या उलट चालते. चाळिशीपुढची बाटली परीक्षेच्या तासभर आधी पुरे, कारण तिचा गंध हवेत लवकर विरतो. विशी-तिशीतलीला तीन-चार तास. दहा वर्षांच्या आतली सकाळीच उघडावी. टॉनी आणि गाळलेल्या लेट बॉटल्डला ओतण्याची गरज नसते. ओतलेली वाइन त्याच, पण नितळ पाण्याने विसळलेल्या बाटलीत परत भरून कागदात गुंडाळली की नावे झाकण्याचे कामही तिथेच होते. यात ओलसर गोणपाटासारखा वास आला तर बूच खराब निघाले असे समजून ती बाटली बाद करावी आणि हे सर्वांना आधी सांगावे.

क्रमाबद्दल मतभेद आहेत. बरेच जण तरुणाकडून वयस्काकडे जातात, म्हणजे शेवट भारदस्त होतो. माझे मत उलट. तरुण व्हिंटेजचे टॅनिन आणि मद्यार्क जीभ बधिर करतात, आणि तेव्हा समोर आलेली चाळीस वर्षांची नाजूक वाइन पाणचट वाटते. वयस्क आधी, मग उतरत्या वयाने, आणि टॉनी सर्वांत शेवटी. हा क्रम यजमानाला माहीत असावा, बाकीच्यांना नाही. आता तो सहावा पेला. पाचांपैकी एक व्हिंटेज दोन वेगळ्या क्रमांकांनी, दोन जागी द्यावी. 10 माणसे, 30 मिली, दोनदा, म्हणजे 600 मिली. एका बाटलीत बसते. ज्याने एकाच वाइनला एकदा पहिला आणि एकदा पाचवा क्रमांक दिला, त्याच्या बाकीच्या मतांचे वजन किती धरायचे ते आपोआप कळते. हा पेला परीक्षकांची परीक्षा घेतो आणि तो नसेल तर निकालावर विश्वास ठेवायला काही आधार राहत नाही. दोन्ही पेल्यांत अंतर ठेवल्यामुळे उतरता क्रम एका जागी मोडतो, तेवढी किंमत द्यावी.

गुण वीसपैकी द्यावेत की शंभरपैकी, हा वाद मला निरर्थक वाटतो. नवख्याच्या हातात 87 आणि 89 यांत फरक नसतो. पसंतीचा क्रम आणि प्रत्येकी दोन ओळी लिहून घ्याव्यात, त्यात अंदाजे वयही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांचे लिहून होईपर्यंत पूर्ण शांतता. आपल्याकडच्या बैठकीत वयाने किंवा मानाने मोठा माणूस ‘दोन नंबर भारी आहे’ म्हणाला की उरलेल्या नऊ जिभा त्याच्या मागे जातात. यात लबाडी नसते. अण्णांच्या तोंडावर वेगळे बोलायचे नाही हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. कागद गोळा झाल्यावर सर्वांत धाकट्याने आधी बोलावे आणि सर्वांत थोरल्याने शेवटी. असा नियम यजमानाने सुरुवातीलाच हसत सांगून टाकला तर थोरल्यांनाही तो आवडतो.

गंध आणि चवीला नावे देण्यासाठी परदेशी पुस्तकांतली ब्लॅकबेरी आणि व्हायोलेट इथे निरुपयोगी. त्याऐवजी वाट्यांचे एक ताट करावे: काळे मनुके, सुके अंजीर, काकवी, जांभळाचा किंवा करवंदाचा मुरंबा, अक्रोड, लवंग, चिंच, आणि भीमाशंकरकडच्या डोंगरपट्ट्यात गोळा होणारा हिरडा. हिरडा मुद्दाम. तो टॅनिनचा खजिनाच आहे, आणि त्याची चव घेतलेल्या माणसाला तरुण व्हिंटेजमधला तुरटपणा नेमका कुठे, दाढांच्या मागे की हिरड्यांवर, जाणवतो ते सांगता येते. हे ताट परीक्षेच्या आधी फिरवावे, मध्ये नाही. मध्ये फक्त पाणी आणि बिनमिठाची भाकरी. मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा या भागाचा मान आहे, तो निकालानंतर. तिखटाने पेटलेल्या तोंडाला 20 टक्क्यांचा मद्यार्क नुसता जाळतो. पोर्टसोबत खायचेच तर अक्रोड, पुरंदरचे अंजीर किंवा एखादे खारे, तीव्र चीज, तेही जेवण उरकल्यावर.

पेले काचेचे, वरून निमुळते, सगळे एकाच घाटाचे हवेत. दहा जणांना साठ लागतात. केटररकडून भाड्याने मिळतात, पण साबणाचा आणि खोक्याचा वास जाईपर्यंत गरम पाण्याने धुवावे लागतात.

परतीची सोय आधी ठरवावी. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे आणि थुंकूनही थोडा मद्यार्क शरीरात जातोच. शिवाय जुन्नर-आंबेगावच्या उसातून रात्री दुचाकीवर किंवा पायी जाणे बिबट्यांमुळे एरवीही शहाणपणाचे नाही. न प्यालेला चालक आणि बंद गाडी, नाहीतर मुक्काम.

मुक्काम केला तर आणखी एक परीक्षा फुकट मिळते. उरलेल्या बाटल्यांना बूच लावून दुसऱ्या सकाळी, न्याहारीच्या आधी, पुन्हा एकेक घोट घ्यावा आणि कालच्या कागदाच्या मागे लिहावे. चाळीस वर्षांची बहुधा ओसरलेली असेल, टॉनी जशीच्या तशी असेल, आणि तरुण व्हिंटेज कालच्यापेक्षा मोकळी झालेली असण्याचा संभव बराच. किती मोकळी झाली यावरून तिची दुसरी बाटली अजून किती वर्षे ठेवायची याचा अंदाज बांधता येतो.