नाताळच्या कार्डावरचे हात

आज आपण तळहाताएवढ्या एका वस्तूचा इतिहास बघणार आहोत. नाताळचं कार्ड, आणि तेही हाताने केलेलं. जाड कागदाची घडी, तिच्यावर नक्षीच्या कागदाचा तुकडा, स्टॅम्प पॅडवर दाबून उमटवलेला एखादा ठसा, आत दोन ओळी, खाली सही. बस्स, एवढंच.

अशा कार्डाबद्दल आपल्या मनात एक गोष्ट तयार असते. पूर्वी सगळं हाताने व्हायचं, मग यंत्र आलं, बाजार आला, आणि हाताची माया गेली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण इतिहास तिला फारशी साथ देत नाही. हात आणि छापखाना या कार्डावर पहिल्यापासून एकत्रच आहेत. म्हणून आज आपण प्रश्न थोडा बदलून विचारू या. कार्डावर हात होता का, हा प्रश्न नको. कुणाचा हात होता, आणि त्याची किंमत काय झाली, हे विचारू.

सुरुवात कार्डाच्याही आधीपासून करू. अठराव्या शतकात इंग्लंडमधली शाळकरी मुलं नाताळच्या सुमारास आईवडिलांसाठी एक कागद तयार करत. कागदाच्या चारी बाजूंना नक्षीची चौकट आधीच छापलेली असे, आणि मधल्या मोकळ्या जागेत मुलाने आपल्या सर्वांत वळणदार अक्षरात मजकूर लिहायचा. हेतू भावनेचा होता तसा हिशेबाचाही होता. फी भरतोय, तर पोराचं अक्षर सुधारलंय का, हे घरी कळावं! म्हणजे बघा, नक्षीचा कागद बाजारातून आणायचा आणि त्यावर आपला हात चालवायचा, ही पद्धत कार्डापेक्षा जुनी आहे.

पण कार्ड जन्माला यायला टपाल बदलावं लागलं. १८४० पर्यंत इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र मिळायचं तोच द्यायचा. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. पाकीट वापरलं तर तोही एक कागद धरला जायचा. आता अशा व्यवस्थेत शुभेच्छा कोण पाठवणार? आपण शुभेच्छा पाठवायच्या आणि भुर्दंड समोरच्याला! रोलंड हिल यांच्या सुधारणेने १८४० मध्ये हे बदललं. देशात कुठेही हलकं पत्र एका पेनीत जाऊ लागलं, आणि ती पेनी पाठवणाऱ्याने तिकीट लावून आधीच भरायची.

या सुधारणेच्या कामात हिल यांच्याबरोबर हेन्री कोल नावाचे अधिकारी होते. पुढे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आणि नंतर साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात त्यांचा मोठा वाटा राहिला. टपाल स्वस्त झालं तसा पत्रांचा ओघ वाढला, आणि प्रत्येकाला उत्तर लिहायला कोल यांना वेळ पुरेना. १८४३ मध्ये त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. मधोमध प्याले उंचावणारं कुटुंब, आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देण्याची दृश्यं. वर नाव लिहायला जागा, खाली सहीला जागा. सुमारे एक हजार प्रती निघाल्या. चित्रातल्या लहान मुलीच्या ओठांना कुणीतरी प्याला लावतंय, यावरून दारूबंदीवाले चिडले, ती गंमत वेगळीच.

इथे थोडं थांबू. नाताळचं हे पहिलं छापील कार्ड वेळ वाचवण्यासाठी निघालं, मायेच्या भरात नाही. पण ते केवळ छापील होतं का? छापली होती ती फक्त रेघ. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरले होते, आणि ते काम रंग भरण्याचाच व्यवसाय करणाऱ्या कारागिराचं होतं. किंमत एक शिलिंग. शिलिंग म्हणजे बारा पेन्या. पत्र एका पेनीत जातंय आणि कार्ड बारा पेन्यांना! पाठवणाऱ्याचा वेळ वाचला, तो दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेतून. ही अदलाबदल लक्षात ठेवा, ती पुढे सारखी भेटणार आहे.

आता अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात जाऊ. एस्थर हाउलंड ही तिथल्या स्टेशनरीच्या दुकानदाराची मुलगी. १८४७ मध्ये तिचं शिक्षण संपलं आणि त्याच सुमारास इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड तिच्या पाहण्यात आलं. कागदाची जाळीदार लेस, रंगीत चित्रांचे कात्रण. नाताळच्या कार्डाची ही थोरली बहीणच म्हणा ना. हे आपणही करू शकतो, असं तिला वाटलं. वडिलांनी लेसचा आणि रंगीत कागद मागवून दिला, भावाने फिरतीवर नमुने दाखवले, आणि अपेक्षेच्या कितीतरी पट मागणी आली.

मग तिने घरात लांब टेबल मांडलं आणि बायकांना कामाला बसवलं. एकीने कापायचं, दुसरीने मागचा कागद ठेवायचा, तिसरीने त्यावर लेस बसवायची, चौथीने चित्र चिकटवायचं. पांढऱ्या लेसच्या जाळीमागे रंगीत कागदाचा तुकडा घालून ती खुलवायची, ही हाउलंडची खास खूण. आज घरी कार्ड करणारे लोक एकावर एक कागदाचे थर देतात ना, ते हेच तंत्र. फरक एवढाच, की तिथे ते कारखान्याच्या शिस्तीने चाललं होतं. प्रत्येक कार्ड शंभर टक्के हाताने केलेलं, आणि तरीही कोणतंही एक कार्ड कुणा एकीचं नाही. मागे लाल रंगात हाउलंडचं आद्याक्षर असे. टेबलाभोवतीच्या बाकीच्या हातांची नावं त्यावर नसत.

आणि यंत्राचं काय? तिथेही गोष्ट वाटते तशी सरळ नाही. जर्मन प्रदेशातून बॉस्टनला येऊन स्थायिक झालेल्या लुई प्रँग यांनी १८७० च्या दशकात रंगीत शिळाछापाने नाताळची कार्डं काढली. एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. असे कितीतरी दगड एकामागून एक, रेसभर न चुकता जुळवायचे. १८८० मध्ये त्यांनी चित्रांची खुली स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस एक हजार डॉलर, आणि ते रोझिना एमेट या चित्रकर्तीने मिळवलं. म्हणजे हाताने काम करणाऱ्या बायका वुस्टरच्या टेबलावर निनावी राहिल्या आणि छापखान्याने एका बाईच्या हाताला नाव दिलं! याच प्रँग यांनी शाळांसाठी चित्रकलेची पुस्तकं आणि रंगही विकले. कार्ड यंत्रावर नेणारा माणूस पोरांच्या हाती कुंचला देत होता. पुढे स्वस्त जर्मन कार्डांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि त्यांनी कार्डांचा धंदा सोडला.

आता साहित्याकडे वळू. रबरी शिक्का शक्य झाला तो चार्ल्स गुडइयर यांच्या रबर पक्कं करण्याच्या शोधामुळे. त्यांचं पेटंट १८४४ चं. शिक्का म्हटलं की आपल्याला कचेरी आठवते, ‘मंजूर’, ‘नामंजूर’. एकसारखा मजकूर हजारदा उमटावा म्हणूनच तो निघाला. पण कचेरीचं हे हत्यार हौशी माणसाच्या हाती आलं, आणि दर वेळी शाई कमीजास्त, दाब कमीजास्त, यातच त्याची मजा झाली. आपण शाळेत भेंडी आडवी कापून रंगात बुडवायचो आणि कागदावर फुलं उमटवायचो, ती मजा हीच.

नक्षीच्या कागदाचं नातं तर आपल्या दख्खनशी आहे. पाण्यावर रंग तरंगवायचे, त्यात काडी फिरवायची आणि वर अलगद कागद टेकवायचा. ही अबरी. फारसीत अब्र म्हणजे ढग. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अबरीतून अख्खी चित्रं घडवली. युरोपात असाच कागद पुस्तकांच्या बांधणीत दिसतो. आणि १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानात भेटवस्तू गुंडाळायचा साधा कागद संपला, तेव्हा त्यांनी पाकिटांना आतून लावायचा फ्रेंच नक्षीदार कागद दहा सेंटला एक असा मांडला. तो हातोहात खपला. हेच दुकान पुढे हॉलमार्क म्हणून जगाला ठाऊक झालं.

शेवटी दोन कार्डं. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ चं. युद्धानंतरच्या चेकोस्लोव्हाकियात यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने, मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून, नाचणाऱ्या मुलींचं चित्र काढलं. कागद नव्हता म्हणून ते काचेवर काढलं. त्याची छापील कार्डं झाली, आणि कार्ड विकून मुलांसाठी पैसा उभा करण्याची वाट पडली. आपल्या मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी १९७९ मध्ये सुरू केलेली क्राय ही संस्था याच वाटेने वाढली. आणि दुसरं कार्ड पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी बनणाऱ्या कागदाचं. या संस्थेचं काम १९४० पासूनचं, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून उभं राहिलेलं. तिथे तर कागदच हाताने उचललेला.

तर, ‘हँडमेड’ असं लिहिलेलं कार्ड दुकानात दिसलं की आपण काय करायचं? आधी उलटून बघायचं. कुणी केलं, त्याला किती मिळाले, हे विचारायचं. हाताची खूण दिसली म्हणजे त्या हाताला न्याय मिळाला, असं होत नाही. हाउलंडच्या टेबलाने आपल्याला तेच दाखवलं.

आणि घरी स्वतः कार्ड करायला बसलो, तर वाकडा ठसा फेकून द्यायचा नाही. कोल यांनी वाचवलेला तो वेळ आपण परत खर्च करत असतो, एका ठरावीक माणसासाठी. भेट असते ती त्या वेळेची, कागद तर फक्त तिची पावती.