मालिकेमुळे महागलेलं कॉमिक पुढेही महागच राहतं का?

थोडक्यात उत्तर : सगळी कॉमिक्स नाही. ज्या अंकाच्या प्रती मुळातच कमी छापल्या गेल्या, त्याचा भाव टिकण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेतलं ‘द वॉकिंग डेड’ हे याचं ठळक उदाहरण. रॉबर्ट कर्कमन आणि टोनी मूर यांच्या या झोंबी कॉमिकचा पहिला अंक २००३ मध्ये इमेज कॉमिक्सने काढला. छापील किंमत २.९५ डॉलर, प्रती साधारण सात हजार. २०१० मध्ये त्यावरची मालिका एएमसी वाहिनीवर सुरू झाली आणि नवे चाहते या मोजक्या प्रती शोधू लागले. चांगल्या स्थितीतल्या प्रतीचा भाव हजारो डॉलरवर गेला.

आता शंभरावा अंक पाहा. २०१२ च्या या अंकात खलनायक नीगन पहिल्यांदा दिसतो. पण त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या आणि अनेकांनी त्या जपूनच ठेवल्या. मग तो दुर्मीळ कसा होणार?

विकत घेण्यापूर्वी काय तपासाल?

- आवृत्ती : पहिली छपाई की पुनर्मुद्रण?
- स्थिती : सीजीसीसारख्या संस्था १० पैकी गुण देऊन प्रत प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. ९.८ आणि ९.४ गुणांच्या प्रतींच्या भावात मोठा फरक पडतो.
- वेळ : मालिकेची चर्चा जोरात असताना भाव फुगलेला असतो. अशा वेळी घेतलेली प्रत तोट्यात विकावी लागू शकते.