डहाणू-तलासरी परिसर आणि नभोवाणीची कार्यक्रमरचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्राच्या उत्तर टोकावरील डहाणू व तलासरी हे तालुके 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात आले. नभोवाणीच्या नकाशावर मात्र हा प्रदेश पूर्वीपासून मुंबईच्या छायेत राहिला आहे. 1927 मध्ये सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या मध्यम लहरी जमिनीच्या पृष्ठभागालगत दूरवर जातात; त्यामुळे ‘मुंबई-ब’चे मराठी कार्यक्रम बागायतदार व मच्छीमार वस्त्यांपर्यंत पोहोचण्यास अडचण नव्हती. या केंद्राची रचना श्रोतृवर्गानुसार होती. कामगार, स्त्रिया, शेतकरी व बालके यांना स्वतंत्र वेळ मिळे. आदेशवजा भाषा हा तिचा दोष असला, तरी शेतकरी हा श्रोता आहे हे तिने गृहीत धरले होते, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

एफएम तंत्राने हे गृहीतच बदलले. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून आवाज स्वच्छ असला तरी पल्ला मर्यादित असतो. मुंबईची उपनगरी गाडी 2013 मध्ये डहाणूपर्यंत आली. मुंबईचे एफएम मात्र चर्चगेटपासून सुमारे 124 किलोमीटरवरील या गावी खात्रीने पोहोचू शकत नाही. 2002 पासून मुंबईत खाजगी वाहिन्या सुरू झाल्या, तेव्हा परवानाशुल्काचा बोजा मोठा होता. जाहिरातदारास हवा असलेला शहरी तरुण श्रोता मिळविण्यासाठी बहुतेकांनी नवी हिंदी चित्रपटगीते व निवेदकाची चुरचुरीत बडबड हाच साचा स्वीकारला. वाहिन्या अनेक, पण स्वर एकच, अशी ही स्थिती होती. 2011 च्या धोरणाने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपर्यंत खाजगी एफएम नेण्याचे ठरविले. त्या वर्षीच्या जनगणनेत डहाणू नगराची लोकसंख्या सुमारे 50 हजार होती. तलासरीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटले होते. त्याचा ग्रामीण अर्थ प्रथम 2006 च्या सामुदायिक रेडिओ धोरणात दिसतो. शैक्षणिक संस्थांबरोबर स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रेही पात्र ठरली. (डहाणू तालुक्यात कोसबाड टेकडीवर असे केंद्र आहे.) 100 वॅट शक्ती व निम्मे कार्यक्रम स्थानिक निर्मितीचे, ही अट लहान प्रदेशास अनुकूल होती. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनीने या मार्गाचा उपयोग केला.

डहाणू-तलासरीत असा प्रयोग करताना कार्यक्रमाचा साचा हाच कळीचा प्रश्न ठरतो. येथे वारली, मांगेली, गुजराती व प्रमाण मराठी शेजारी नांदतात. 1960 मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली, तरी बोली त्या रेषेवर थांबल्या नाहीत. तारप्याच्या सुरावर फेर धरणारे नर्तक तीन मिनिटांत थांबत नाहीत. लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते, ती विधीचाच भाग असतात. दोन जाहिरातींमधील फटीत ती बसविल्यास त्यांचा अर्थच हरवतो. शिवाय सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास असलेला प्रतिबंध येथे विशेष जाचक आहे. 1945 च्या वारली उठावात सभेचे निरोप पाड्यापाड्यांतून माणसांनीच पोहोचविले होते. वेठबिगारी, जमीन, जंगल हे ज्या समाजाच्या बोलण्याचे विषय आहेत, त्यास केवळ गाणी व पीकसल्ला देणारी वाहिनी अपुरीच वाटेल.